त्याच्यासाठी मी का झटायचं?

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळले आहेत, काही बदलले आहेत. गोषवारा असा :

वय छत्तीस. पुण्यात एलएलबी झालं, लग्नानंतर इंग्लंडला गेल्या. काही वर्षं तिथल्या कौन्सिलमध्ये नोकरी केली आणि गेल्या वर्षापासून इंग्लंड-वेल्समधल्या कैद्यांच्या तक्रारी तपासणाऱ्या ओंबड्समन (स्वतंत्र तक्रार-निवारक) कार्यालयात तपास अधिकारी आहेत. वडील महाराष्ट्राच्या कारागृह विभागातून तुरुंगाधिकारी म्हणून निवृत्त झालेले. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर ते म्हणतात, "बंदी (कैदी) रोज नवी कहाणी सांगतो. तू भोळी आहेस, गुंडाळतील तुला." मैत्रिणीला स्वतःला वाटलं होतं, मोठ्या अन्यायांशी लढायला मिळेल, टेबलावर येतात ते हरवलेले बूट, रेडिओ, टी-शर्ट. मध्यंतरी एका कैद्याचा फोटो अल्बम हरवल्याची तक्रार आली. त्यात त्याच्या वारलेल्या आईचे फोटो होते. यांनी कागद खणून काढले, तुरुंगाची चूक दाखवली, तक्रार मान्य झाली, भरपाईची शिफारस झाली. फाइल बंद करताना त्याचा गुन्हा वाचला. त्याने बायकोचा जीव घेतला होता. "त्या मुलीच्या आईकडेही आता फोटोच उरले असतील. मी कुणासाठी झटले?" तेव्हापासून रात्रीची झोप नाही. त्यातच, तक्रार फेटाळलेल्या दुसऱ्या एका कैद्याने लिहिलं, 'तुम्हीही त्यांच्यातल्याच.' आता भाडेकरूंच्या तक्रारी पाहणाऱ्या एका कार्यालयातून नोकरीचं बोलावणं आलं आहे. "तिथे तक्रार करणारी साधी माणसं असतात. जाऊ का?"

प्रिय मैत्रिणी,

आधी त्या मुलीबद्दल बोलू, जिचा जीव गेला. तिच्या आईची तुम्हाला आठवण झाली यात काहीच वावगं नाही. कैद्यांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्यांना कधीकधी तिच्यासारख्यांचा विसर पडतो, आणि तो पडू नये. पण तिच्यासाठी जो हिशेब व्हायचा तो न्यायालयात झाला. नवऱ्याला शिक्षा झाली, तो ती भोगतो आहे. त्या शिक्षेत 'याच्या आईचे फोटो हरवावेत' असं कुठे लिहिलेलं नव्हतं. अल्बम सापडला असता तर तिच्यावरचा अन्याय तसूभरही वाढला नसता, आणि हरवला म्हणून तो कणभरही कमी झालेला नाही. तुमच्या मनात या दोन गोष्टी एकाच तराजूत पडल्या आहेत, म्हणून झोप उडाली आहे.

'मी कुणासाठी झटले?' असं विचारताना तुम्ही एक गोष्ट धरून चालला आहात, की तक्रार मान्य करणं म्हणजे तक्रारदाराची बाजू घेणं. तुमच्याच पत्रातली हकिगत पुन्हा वाचा. शनिवारी दुपारी त्या माणसाला विलगीकरण कक्षात, म्हणजे इतर कैद्यांपासून वेगळं ठेवण्याच्या जागी, हलवलं. त्याची कोठडी रिकामी करायला माणसं गेली ती रविवारी संध्याकाळी. मधल्या वेळात दाराला कुलूप होतं की नव्हतं, याची नोंद नाही. सामान प्लास्टिकच्या पिशव्यांत भरलं, सील ठोकलं, पण यादीत काय लिहिलं? 'कपडे, एक पिशवी. इतर, एक पिशवी.' खाली एका अधिकाऱ्याची सही, दुसऱ्याची जागा कोरी. आणि मालमत्ता कार्डावर (कैद्याच्या सामानाच्या नोंदीवर) मात्र दोन वर्षांपूर्वीची स्वच्छ नोंद : फोटो अल्बम, एक. अल्बम कार्डावर आहे, यादीत नाही, आणि मधला दीड दिवस कुणाच्याच हिशेबात नाही.

हे सगळं तुम्ही शोधलंत. यात त्या माणसाचा स्वभाव, गुन्हा, पश्चात्ताप कुठे आला? तुम्ही तुरुंगाला एवढंच विचारलंत की, ज्याला स्वतःच्या खोलीचं दार स्वतः लावता येत नाही, त्याचं सामान तुमच्या ताब्यात असताना गेलं कुठे? तो माणूस साधू असता तरी हाच प्रश्न याच शब्दांत विचारावा लागला असता. म्हणजे तुम्ही त्याच्यासाठी झटला नाहीत. ज्यांच्या हातात माणसाचं सगळं आयुष्य असतं, त्यांच्याकडे कुणीतरी हिशेब मागायला हवा, आणि तो तुम्ही मागितलात.

तक्रार कुणी केली यावरून तिची किंमत ठरवायची नाही, ही गोष्ट आपल्याकडच्या एका प्रकरणात फार लख्ख दिसते. दिल्लीच्या तिहार तुरुंगात सुनील बत्रा नावाचा कैदी होता. खुनाच्या गुन्ह्यात त्याला फाशीची शिक्षा सुनावलेली. त्याने सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना पत्र लिहिलं ते स्वतःसाठी नव्हतंच. एका वॉर्डरने (तुरुंगातल्या पहारेकऱ्याने) पैशांसाठी दुसऱ्या कैद्याचे अमानुष हाल केले, हे कळवायला लिहिलं. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं. डॉ. वाय. एस. चितळे आणि मुकुल मुद्गल या दोघांना न्यायमित्र (न्यायालयाला मदत करणारे वकील) नेमून तुरुंगात जायची, त्या कैद्याला भेटायची, कागद पाहायची, साक्षीदारांशी बोलायची मुभा दिली. तुम्ही आज जे काम पगारावर करता, तेच ते दोघं करत होते. डिसेंबर १९७९ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला आणि तुरुंगात तक्रारपेट्या असाव्यात, त्या जिल्हा दंडाधिकारी आणि सत्र न्यायाधीशांच्या देखरेखीखाली उघडाव्यात, असं त्यात सांगितलं. फाशीच्या कैद्याचं पत्र आहे म्हणून ते कुणी बाजूला सारलं असतं तर?

मुंबईतलं उदाहरण तर आणखी जवळचं. पत्रकार शीला बारसे मे १९८२ मध्ये मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगात पंधरा स्त्री कैद्यांशी बोलल्या. त्यातल्या पाच जणींनी सांगितलं की, पोलीस कोठडीत आम्हाला मारहाण झाली. बारसेंच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने निर्मला निकेतनच्या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना त्या स्त्रियांना एकांतात भेटून अहवाल द्यायला सांगितलं. १९८३ च्या निकालात स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या आणि तिथे महिला पोलीस, असे आदेश आले. अटक केलेल्या माणसाला हजर केल्यावर 'पोलिसांनी छळ केला का?' हे मॅजिस्ट्रेटने स्वतःहून विचारावं, हा आदेशही त्यातलाच. त्या पंधराजणींवर कोणते आरोप होते, हे आज कुणाच्या लक्षातही नाही.

आता बूट आणि रेडिओ. 'क्षुल्लक' हा शब्द तुम्ही पत्रात बऱ्याच ठिकाणी वापरला आहे, आणि तो मला मान्य नाही. तुरुंगात काम करून आठवड्याला काही पौंड हातात पडतात. त्यातून साठवून घेतलेला बुटांचा जोड म्हणजे कित्येक महिन्यांची कमाई. बाहेर आपलं काही हरवलं तर आपण शोधतो, भांडतो, नवीन आणतो. आत असलेल्या माणसाला यातलं काहीही करता येत नाही. अर्ज लिहिणं तेवढं हातात असतं. तुमच्या कार्यालयाकडे वर्षानुवर्षं सर्वांत जास्त तक्रारी हरवलेल्या सामानाच्याच येतात, याचंही कारण हेच. इतक्या साध्या गोष्टीचाही हिशेब राहत नसेल, तर बळाचा वापर झाल्यावर काय नोंदी राहत असतील, असा संशय कैद्याला येणारच.

तुमचं पद का निर्माण झालं, हे तुम्हाला प्रशिक्षणात सांगितलं असेलच. आपल्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. १ एप्रिल १९९० ला, रविवारी, मँचेस्टरच्या स्ट्रेंजवेज तुरुंगात प्रार्थनेच्या वेळी दंगल उसळली. कैदी छपरावर चढले आणि ते प्रकरण २५ दिवस चाललं. न्यायमूर्ती वुल्फ यांनी चौकशी केली. १९९१ च्या अहवालात त्यांनी म्हटलं की तुरुंग चालवायचा तर सुरक्षा आणि नियंत्रण यांच्या जोडीला न्यायही हवा, आणि कैद्याच्या तक्रारीचा शेवटचा निवाडा तुरुंगाबाहेरच्या स्वतंत्र माणसाकडे असावा. त्यातून १९९४ मध्ये हे कार्यालय उभं राहिलं. पुढे २००४ पासून कोठडीतल्या मृत्यूंचा तपासही त्यांच्याकडे आला. आपलं म्हणणं कुणी ऐकतच नाही असं हजारो माणसांना वाटत राहिलं की काय होतं, हे तिथल्या लोकांनी पंचवीस दिवस डोळ्यांनी पाहिलं होतं. बुटांच्या फाइलकडे त्या बाजूने पाहा.

आता 'तुम्हीही त्यांच्यातल्याच' हे वाक्य. ते लागलं, कारण तुम्ही प्रामाणिक आहात. पण तुम्ही त्यातून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. तक्रार फेटाळली म्हणजे न्याय दिला नाही, असं नसतं. प्रत्येक तक्रार मान्य व्हायला लागली तर तुमच्या निर्णयाला तुरुंगात काडीची किंमत राहणार नाही, आणि मग अल्बमवाल्याच्या बाजूने दिलेला निर्णयही कुणी मनावर घेणार नाही. तुमच्या कार्यालयाला फक्त शिफारस करता येते, हुकूम सोडता येत नाही. शिफारशीचं वजन तुमच्या तपासाच्या चोखपणातूनच येतं.

तरीही त्या कैद्याच्या वाक्यातून घेण्यासारखं काही असेल. त्याला पाठवलेलं उत्तर काढून वाचा. 'उपलब्ध नोंदींच्या आधारे तक्रार मान्य करता येत नाही' अशा धर्तीचं असेल, तर त्याला ते भिंतीसारखं वाटलं असणार. त्याऐवजी असं लिहिता येईल : 'तुम्ही म्हणता, रेडिओ १२ तारखेला नेला. मी त्या दिवसाची पिशव्यांची यादी पाहिली, त्यात रेडिओ नाही. त्या मजल्यावरचं कॅमेऱ्याचं चित्रण मागितलं, पण ते पुसलं गेलं होतं. तुम्ही नाव दिलेल्या अधिकाऱ्यांशी बोलले. तुम्ही खोटं बोलता असं मी म्हणत नाही. पण रेडिओ त्यांनी नेला असं म्हणायलाही माझ्याकडे पुरेसा आधार नाही.' निकाल तोच राहतो, पण कुणीतरी खरंच शोधलं, हे त्याला दिसतं. लिहिताना हेही लक्षात असू द्या की आतल्या अनेकांना वाचनाची अडचण असते. तुमचं उत्तर त्याला शेजारचा कुणीतरी वाचून दाखवणार आहे. वाक्यं छोटी ठेवा, आणि दुसऱ्याच्या कानावर पडू नये अशी खासगी गोष्ट गरजेशिवाय त्यात घालू नका.

चित्रणाचा विषय निघालाच आहे तर सांगते. तुमच्यापर्यंत तक्रार येते तोवर तिचं वय झालेलं असतं. कैद्याने आधी तुरुंगातच अर्ज करायचा, मग तिथेच अपील करायचं, आणि शेवटच्या उत्तरानंतर तीन महिन्यांच्या आत तुमच्याकडे यायचं. तोवर कॅमेरे पुसले जातात, माणसं बदलून जातात. म्हणून फाइल हातात आली की पहिल्याच दिवशी चित्रण आणि मूळ कागद राखून ठेवायला सांगा. बाकीचं वाचन नंतर. चित्रण पुसलं गेलं असेल तर 'उपलब्ध नाही' एवढ्यावर थांबू नका. कैद्याने पहिला अर्ज केला त्या दिवशी ते होतं का, आणि तेव्हा ते का राखलं नाही, हे विचारा. बरीच उत्तरं तिथे सापडतात.

वाचनाच्या क्रमाबद्दलही एक सुचवते. आधी तक्रार, मग त्या विषयाचा नियम, मग नोंदी. गुन्हा सर्वांत शेवटी, आणि तोही निर्णयाशी संबंध असेल तरच. कधीकधी संबंध असतो. एखाद्याला लहान मुलांचे फोटो जवळ ठेवायला मनाई असते ती त्याच्या गुन्ह्यामुळेच. तिथे तो वाचल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. पण हरवलेल्या बुटांच्या प्रकरणात रात्री घरी बसून त्या माणसाचं नाव इंटरनेटवर शोधायचं नाही. असं शोधण्यात कुतूहल असतं, थोडी भीतीही असते. तपासाला त्याचा काही उपयोग नसतो.

तुमच्या वडिलांबद्दल मला थोडं सविस्तर बोलायचं आहे. पत्रात ते तुमच्या विरुद्ध बाजूला उभे असल्यासारखे दिसतात. मला तसं वाटत नाही. आयुष्यभर बराकींत काम केलेल्या माणसाला कैदी खोटं बोलताना हजारदा दिसलेला असतो, ते काही त्यांनी मनाने रचलेलं नाही. पण 'बंदी खरं बोलतो का?' हा प्रश्न घेऊन तुम्ही दोघं बसलात, तर दर रविवारी भांडणच होणार. त्यांना वेगळं काहीतरी विचारा. नवा बंदी आला की सामानाची नोंद कशी करायचात? सही नसेल तर अंगठा कुणासमोर घ्यायचात? झडतीत सापडलेली वस्तू कुठे जायची? एखाद्याने 'माझं घड्याळ गेलं' म्हटलं, तर रजिस्टरच्या कोणत्या रकान्यात आधी बघायचात? १८९४ च्या तुरुंग कायद्याचं कलम २५ त्यांना ठाऊक असेल : कैद्याचे पैसे आणि चीजवस्तू जेलरच्या ताब्यात राहतील. म्हणजे इंग्रजांच्या काळापासून जेलर हा कैद्याच्या सामानाचा राखणदार आहे. त्यांनी ती जबाबदारी नीट सांभाळली असेल, तर तुमच्या कामाचं मर्म त्यांच्याइतकं कुणालाच कळणार नाही. कोरी सही पाहून एखाद्या जुन्या तुरुंगाधिकाऱ्याला जी चीड येते, ती मी पाहिली आहे.

आणि त्यांना हेही सांगा की चोख तपासाचा फायदा नेकीने काम करणाऱ्या अधिकाऱ्यालाही होतो. खोटा आरोप झाला तर त्याच्या बाजूने उभा राहतो तो तुमचा अहवाल. मात्र कैद्यांची नावं, प्रकरणांचे तपशील रविवारच्या कॉलवर नकोत. बाप असला तरी तो त्या फाइलच्या बाहेरचा माणूस आहे.

नोकरी बदलण्याचं म्हणाल, तर 'तिथे साधी माणसं असतात' हे कारण मला कच्चं वाटतं. भाडेकरूंमध्येही बायकोला मारणारा असतो, शेजाऱ्याला छळणारा असतो. फक्त त्याच्या फाइलवर ते लिहिलेलं नसतं. छतातून पाणी गळतंय ही त्याची तक्रार तरीही खरीच असेल. पहिल्यांदा असं काही कानावर आलं की हीच रात्र तिथेही येईल. तुम्ही या प्रश्नातून सुटायला जात असाल तर जाऊ नका. पण थकला असाल, मुलांना वेळ मिळत नसेल, रोजचं हिंसेचं वाचन सोसवत नसेल, तर खुशाल जा. कैद्यांचं काम सोडलं म्हणजे कुणाची फसवणूक केली असं होत नाही. त्याआधी नव्या ठिकाणी विचारून घ्या : एकावेळी एकाकडे किती फाइली असतात, मसुदा कोण वाचतं, कठीण प्रकरणानंतर बोलायला कुणी असतं का? हेच प्रश्न सध्याच्या वरिष्ठांनाही विचारा. अल्बमचं प्रकरण मनावर बसलं आहे, हे त्यांना सांगितल्याचं तुमच्या पत्रात कुठेही नाही. मला वाटतं, सगळ्यात आधी तेवढं करा. राजीनामा त्यानंतरही देता येतो.

झोपेचं दुखणं मात्र तत्त्वाच्या चर्चेने बरं होणार नाही. पत्रात तुम्ही लिहिता की डोळे मिटले की ती मुलगी दिसते. हे आठवडेच्या आठवडे चाललं असेल तर तिथल्या डॉक्टरांकडे, जीपीकडे, जा आणि कामाचं स्वरूप स्पष्ट सांगा. कार्यालयातून समुपदेशनाची सोय असेल तर ती वापरा. वकील, पोलीस, पत्रकार, शवविच्छेदन करणारे डॉक्टर, सगळ्यांनाच याचा त्रास होतो; तुम्ही या कामाला नालायक आहात असा त्याचा अर्थ नाही. त्या मुलीसाठी काही करावंसं वाटत असेल, तर घरातल्या हिंसेतून सुटलेल्या बायकांसाठी काम करणारी एखादी संस्था तुमच्या गावात नक्की असेल. महिन्यातून एक शनिवार तिथे द्या. ऑफिसच्या फाइलमध्ये तिच्या वतीने काही करायला जाल, तर दोन्हीकडचं काम बिघडेल.

या पत्राच्या निमित्ताने, ज्यांचा माणूस महाराष्ट्रातल्या एखाद्या कारागृहात आहे अशा वाचकांसाठीही थोडं लिहिते. तुमच्याही मनात असेल की 'कैद्याची तक्रार कोण ऐकणार?' ऐकली जाते. पण ती तपासता येईल अशी लिहावी लागते. काय घडलं, कोणत्या तारखेला, कोणत्या बराकीत, कोण हजर होतं, एवढं पहिल्या पानावर यावं. 'माझ्या मुलावर भयंकर अन्याय होतोय' या वाक्याने तपास पुढे सरकत नाही. 'सोमवारी मुलाखतीला गेले तेव्हा त्याच्या डाव्या हाताला सूज होती' या वाक्याने सरकतो. आधी अधीक्षकांकडे लेखी अर्ज करा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कोठडीत असलेल्या माणसाला मोफत वकील मिळणं हा १९८७ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे. जखम असेल, मारहाण असेल तर न्यायालयात पुढच्या तारखेला न्यायाधीशांसमोर तोंडी सांगायला लावा आणि वैद्यकीय तपासणी मागा. राज्य मानवी हक्क आयोगाकडे मराठीत, विनाशुल्क अर्ज करता येतो, पण घटनेला वर्ष उलटून गेलं तर आयोगाला चौकशी करता येत नाही; म्हणून 'बघू, सुटून आल्यावर करू' असं म्हणत बसू नका. राष्ट्रीय आणि राज्य आयोगाकडे एकाच वेळी अर्ज टाकू नका, एकाकडे प्रकरण चालू असेल तर दुसरा ते हातात घेत नाही. आणि प्रत्येक अर्जाची पोच घ्या. खिडकीवर पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा, आणि पावती अर्जाच्या झेरॉक्सला टाचून ठेवा.